न वाजणारं पाणी

मे महिन्यात बर्फ ओसरलं
आणि खालच्या कुरणात नेस्टरचे गमबूट
पोटरीपर्यंत रुतले.
गेल्या साली इथून चाळीस गोल गठ्ठे गवत निघालं होतं.
या साली बदकं.

रस्त्याखालची मोरी बुजलेली.
पॉप्लरच्या फांद्या, चिखल, शेवाळ,
आमच्याच कुंपणाचा एक खांब, तारेसकट,
आणि मधोमध, थापून नीट बसवलेला,
माझा हरवलेला डावा हातमोजा.

नेस्टरनं दिवसभर कुदळ चालवली.
संध्याकाळी पाणी धो धो सुटलं,
त्यानं बीटचं सूप दोनदा वाढून घेतलं.
सकाळी मोरी पुन्हा बंद.
असं अकरा दिवस.
रात्रीचा दिवस करणं आपण नुसतं बोलतो.
बीव्हर ते करून दाखवत होता.

बाराव्या दिवशी नेस्टर म्हणाला,
बाबा असते तर सुरुंग लावला असता.
मी म्हटलं, बाबांनी लावला होता की.
बांध गेला, मोरी गेली, रस्ताही गेला,
आणि पाद्रीबाबा तीन रविवार पलीकडेच अडकले.
तो काही बोलला नाही.
कुदळीचा दांडा मात्र पुसत बसला.

मग अँब्रोज देजार्ले आला,
त्याच्या ट्रकमागे सापळ्यांचा खडखडाट.
गुडघा धरून पाणी पाहत राहिला बराच वेळ.
मारतो म्हणाल तर मारतो, म्हणाला,
कातड्याला आता डिझेलपुरतेही पैसे येत नाहीत.
पण जागा चांगली आहे तुमची.
चांगल्या जागेला भाडेकरू मिळतोच.
पुढच्या वसंतात दुसरी जोडी येईल.
रात्री बसलायत का इथं कधी?

बसलो. तिघं, एका थर्मासवर, डासांच्या ताब्यात.
अँब्रोजनं बांधाला आधीच
वीतभर खिंड पाडून ठेवली होती.
पाणी तिथून पुटपुटत होतं.
उजेड गेला तसा पाण्यावर एक बाण उमटला,
बाणाच्या टोकाला नाक, आणि दोन इवलेसे कान.
त्यानं आमच्याकडे पाहिलंच नाही.
सरळ खिंडीपाशी आला,
हनुवटीखाली दाबून आणलेला चिखल लावला, थापला, थांबला,
पुन्हा ऐकलं, पुन्हा थापलं.

त्याला दिसतं कमी, अँब्रोज हळूच म्हणाला,
पाणी बोललं की त्याला राहवत नाही.

मला सासूबाई आठवल्या.
त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात
पलीकडच्या खोलीतून खोकला आला की
मी उठायचे. डोळे मिटलेलेच,
पाय आपले आपण दारापर्यंत.
कितीदा तरी त्या गाढ झोपलेल्या असायच्या,
खोकलत असायचं ते शेगडीतलं लाकूड.

जूनमध्ये पाइप घातला.
दहा मीटर लांब, बांधाच्या पोटातून आरपार,
त्याचं तोंड दूर, खोल पाण्यात बुडवलेलं,
भोवती जाळीचा पिंजरा.
पाणी आत शिरतं ते न वाजता.
तळं दीड हात उतरलं
आणि बीव्हरला पत्ता नाही.
पहिले काही दिवस तो बांधावर येऊन बसायचा,
मान तिरकी करून.
कुठंतरी पाणी मुरतंय
एवढा वास त्याला आला असावा.

फसवला लेकाचा, नेस्टर म्हणाला,
आणि हसला, पण नेहमीसारखा मोठ्यानं नाही.
कुरणाचा दोन तृतीयांश भाग परत मिळाला.
उरलेल्यात बदकं आहेत,
आणि एक उंच करड्या पायांचा बगळा,
त्याचं भाडं आम्ही मागत नाही.

अजून मला मध्येच जाग येते.
मी पडल्या पडल्या कान देते.
काही वाजत नाही.

सप्टेंबरात बांधावर गेले होते.
हातमोजा आता त्या भिंतीत आहे,
बोटं वर केलेली, चिखलानं भरून फुगलेली.
ओढला असता तर निघाला असता.
उजवा घरी खुंटीवर आहे.
तो इतके महिने मी टाकला का नाही,
हे नेस्टरनं विचारलेलं नाही.